विमानतळाच्या अलीकडे : परदेशगमनाच्या पूर्वतयारीचे अर्थकारण

चेन्नईच्या दक्षिण सीमेवरील तांबरम हे तामिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांचे राजधानीत शिरण्याचे दार होय. तिरुनेलवेली, रामनाथपुरम, नागरकोविल या बाजूंनी येणाऱ्या अनेक गाड्या येथे थांबतात. दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या बसगाड्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये जवळच्याच किलांबाक्कम येथे नवे स्थानक सुरू झाले. उपनगरी गाडीने तांबरमहून शहराकडे निघाले की चौथे स्थानक तिरुसुलम आणि त्याच्या समोरच चेन्नईचा विमानतळ. आखाती देश, सिंगापूर किंवा मलेशियाकडे निघालेल्या अनेकांचा मायदेशातील शेवटचा मुक्काम त्यामुळे याच परिसरात पडतो.

महाराष्ट्रातील वाचकाला तांबरमचा अनुभव सांगण्याचे कारण आहे. तामिळनाडूत २०१५ मध्ये झालेल्या स्थलांतर सर्वेक्षणानुसार या राज्यातील सुमारे २२ लाख लोक परदेशात होते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७ टक्के, तर तामिळनाडूचा १०.४ टक्के होता. त्या वर्षी देशात अशी एकूण सुमारे ११८.७ अब्ज डॉलर रक्कम आली. म्हणजे परदेशगमन हा केवळ केरळ वा तामिळनाडूचा प्रश्न राहिलेला नाही. रत्नागिरीच्या तांत्रिकाचा आणि पुण्याच्या अभियंत्याचाही तो तितकाच आहे. मात्र एवढी मोठी रक्कम देशात आणणाऱ्या या व्यवहाराची कौटुंबिक पातळीवरील तयारी बहुधा तिकीट, सामान आणि निरोप यांच्यापलीकडे जात नाही.

प्रस्तुत लेखाचे मुख्य सूत्र असे की, परदेशी जाणाऱ्याची सौदाशक्ती विमानात बसण्यापूर्वी सर्वाधिक असते आणि त्यानंतर ती झपाट्याने घटते. येथे असताना तो नोकरी नाकारू शकतो, करार बदलून मागू शकतो, दुसऱ्या दलालाकडे जाऊ शकतो. तेथे पोहोचल्यावर डोक्यावर कर्ज असते, भाषा परकी असते आणि राहण्याचा परवाना बहुधा मालकाशी बांधलेला असतो. म्हणून जे जे अलीकडे ठरवून घेता येईल ते पलीकडे ढकलणे, ही सर्व चुकांच्या मुळाशी असलेली चूक आहे.

जुन्या व्यवस्थेचा धडा

हे सूत्र नवे नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तामिळ प्रदेशातून लाखो मजूर श्रीलंका आणि मलाया येथील मळ्यांवर गेले. त्यांची भरती ‘कंगाणी’ नावाचा मुकादम करीत असे. तो गावात येऊन प्रवासासाठी व घरखर्चासाठी उचल देई आणि ती उचल मजुराच्या नावावर कर्ज म्हणून चढे. श्रीलंकेतील मळ्यांवर ‘तुंडु’ नावाच्या चिठ्ठीची पद्धत होती. मजुराकडे किती रक्कम येणे आहे हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे आणि ते येणे चुकते झाल्याखेरीज त्याला दुसऱ्या मळ्यावर काम मिळत नसे. ही पद्धत १९२१ मध्ये रद्द झाली. १९२२ मध्ये हिंदुस्थानात परदेशगमनाविषयीचा नवा कायदा आला. मलायाकडील अकुशल मजुरांची साहाय्यित भरती १९३८ मध्ये थांबली.

तुंडु गेली, तरी तिच्यामागील अर्थशास्त्र गेले नाही. आजचा कामगार मळ्याच्या मालकाऐवजी गावच्या सावकाराचा ऋणको असतो. पण निघण्यापूर्वी काढलेले कर्ज फिटेपर्यंत वाईट नोकरीही सोडता येत नाही, ही स्थिती तीच आहे.

पहिली चूक : खर्चाचा हिशेब न मांडणे

परदेशी जाणे ही गुंतवणूक आहे. ती किती महिन्यांत वसूल होईल हे कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. उदाहरणादाखल असे समजू की एका कामगाराला दोन वर्षांच्या कराराने दरमहा ३०,००० रुपयांइतका पगार मिळणार आहे. जेवण, दूरध्वनी व किरकोळ खर्च १०,००० रुपये. घरी पाठविता येतील २०,०००, त्यांतून घरखर्चाला ९,००० लागतील. म्हणजे कर्जफेडीसाठी दरमहा ११,००० रुपये उरतील. पहिले दोन महिने पगार स्थिरावण्यात जातात, त्या काळात हप्ता भरता येत नाही, असेही धरू.

आता तीन पर्याय पाहू. पहिल्यात त्याने दलालाला व इतर खर्चाला मिळून दीड लाख रुपये शेकडा तीन रुपये दरमहा, म्हणजे वार्षिक ३६ टक्के दराने उचलले. सुरुवातीच्या महिन्याचे व्याजच ४,५०० रुपये होते. हे कर्ज फिटण्यास एकूण सुमारे २२ महिने लागतात; दोन वर्षांच्या करारात कमाईसाठी उरतात दोन महिने. दुसऱ्यात तेवढीच रक्कम बँकेकडून वार्षिक ९ टक्क्यांनी घेतली, तर ते सुमारे १७ महिन्यांत फिटते. तिसऱ्यात त्याने केवळ कायदेशीर शुल्क व आवश्यक खर्च मिळून ५०,००० रुपये बँकेकडून घेतले, तर सातव्या महिन्यातच तो कर्जमुक्त होतो.

पगार तिन्ही पर्यायांत एकच आहे. फरक पडला तो निघण्यापूर्वीच्या दोन निर्णयांमुळे : किती रक्कम द्यायची आणि ती कोणाकडून उचलायची. वाचकाने स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब करून पाहावा. कर्जफेडीचा काळ कराराच्या निम्म्याहून अधिक येत असेल, तर ती नोकरी नाकारण्याचा विचार गांभीर्याने करावा.

दुसरी चूक : दलालाची आणि व्हिसाची पडताळणी न करणे

भारतात परदेशगमनाचे नियमन १९८३ च्या कायद्यानुसार होते. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्र सरकारची नोंदणी असणे आवश्यक आहे. नोंदणीकृत संस्थेला कामगाराकडून कमाल ३०,००० रुपये सेवाशुल्क व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. संस्था नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तामिळनाडू सरकारची स्वतःची ‘ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन’ ही कंपनी १९७८ पासून हेच काम करते. मात्र गावात येणारा माणूस बहुधा नोंदणीकृत संस्थेचा नसतो. तो उपदलाल असतो. तो पावती देत नाही आणि नंतर सापडतही नाही. रोख रक्कम आणि तोंडी आश्वासन ही जोडी दिसली की थांबावे, हा साधा नियम पुष्कळ हानी टाळतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला आखाती देश, मलेशिया यांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना परदेशगमनाची मंजुरी घ्यावी लागते. ती देणारी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची कार्यालये चेन्नई व मुंबई या दोन्ही शहरांत आहेत. या मंजुरीत करार सरकारी नोंदीत जातो, हा तिचा खरा उपयोग. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ती बंधनकारक नाही. त्यामुळे पुष्कळ शिकलेले तरुण कोणतीही नोंद न करता जातात. त्यांना ऐच्छिक नोंदणी करता येते आणि ती करणे हिताचे आहे. मंजुरी आवश्यक असलेल्या गटातील स्त्रियांसाठी किमान वय ३० वर्षे असून, त्यांची भरती २०१६ पासून सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे धोरण आहे.

पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे नोकरीचा व्हिसा करून घेऊ, हा सल्ला सर्वांत घातक होय. अशा व्यक्तीचा ना करार नोंदलेला असतो, ना विमा, ना काम करण्याचा अधिकार. शिक्षण हे येथे संरक्षण ठरतेच असे नाही. २०२२ मध्ये थायलंडमधील संगणकीय नोकरीच्या जाहिरातींना भुलून गेलेल्या अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेऊन त्यांच्याकडून सक्तीने ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. भारत सरकारने सोडवून आणलेल्यांमध्ये तामिळनाडूतील तरुणही होते. पगार कामाच्या मानाने फार मोठा, मुलाखत अगदी जुजबी आणि व्हिसा पर्यटनाचा, ही तिन्ही चिन्हे एकत्र आली तर दुसऱ्या पुराव्याची वाट पाहू नये.

तिसरी चूक : करार न वाचणे

करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. त्यात सात गोष्टी स्पष्ट असाव्यात : कामाचे स्वरूप, मूळ पगार, कामाचे तास व जादा कामाचा मोबदला, निवास व जेवण कोणाकडे, वैद्यकीय खर्च, सुट्टी व परतीचे तिकीट, आणि करार मध्येच संपल्यास काय. मूळ पगार आणि भत्ते यांची बेरीज करून सांगितलेला आकडा फसवा असतो. सेवासमाप्तीची रक्कम अनेक ठिकाणी मूळ पगारावर मोजली जाते. तेथे पोहोचल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्या करारावर सही घेण्याचे प्रकार घडतात. त्यावर उपाय एकच : मूळ कराराची एक प्रत घरी, एक स्वतःजवळ आणि एक छायाचित्राच्या रूपात भ्रमणध्वनीत व ई-मेलमध्ये ठेवणे.

चौथी चूक : कागदपत्रांचा क्रम उलटा लावणे

कागदपत्रांतील सर्वाधिक अडथळे नावामुळे येतात. तामिळनाडूत आडनाव लावण्याची प्रथा फारशी नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढेच लिहिले जाते, त्यामुळे पारपत्रातील आडनावाचा रकाना अनेकदा कोरा राहतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पारपत्रावर एकच नाव असलेल्यांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम लागू केला, तेव्हा या प्रथेचे परिणाम विमानतळावर दिसले. मराठी कुटुंबांत अडचण वेगळ्या रूपात येते. मधले नाव कधी असते, कधी नसते. विवाहानंतर स्त्रीचे नाव व आडनाव बदलते, परंतु पदवी जुन्या नावाने असते. पारपत्र, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, आधार आणि विवाह प्रमाणपत्र एका टेबलावर मांडून नावातील प्रत्येक अक्षर व जन्मतारीख ताडून पाहणे, हे तयारीचे पहिले काम असले पाहिजे. दुरुस्तीला कित्येक आठवडे लागतात. पारपत्राची मुदतही पाहावी. अनेक देश किमान सहा महिने शिल्लक असावेत असा आग्रह धरतात.

दुसरे काम प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाचे. भारत २००५ पासून हेगच्या ‘अपोस्टिल’ करारात आहे. या करारातील देशांसाठी राज्य पातळीवरील पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन लागते. सिंगापूर २०२१ मध्ये आणि सौदी अरेबिया २०२२ मध्ये या करारात आले. यादी बदलत असल्याने शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी केलेली प्रक्रिया आज तशीच लागू असेल असे गृहीत धरू नये.

तिसरे काम वैद्यकीय तपासणीचे. तांबरमला १९२८ पासून क्षयरोगाचे आरोग्यधाम आहे, त्यावरूनच येथील एका रेल्वे स्थानकाचे नाव ‘तांबरम सॅनेटोरियम’ पडले. क्षयरोगातून पूर्ण बरी झालेली व्यक्ती भारतात कोणतेही काम करू शकते; परंतु आखाती देशांसाठीच्या तपासणीत छातीच्या क्ष-किरण चित्रातील जुना व्रणदेखील अपात्रतेचे कारण ठरू शकतो. अनेक जण आधी दलालाला पैसे देतात, राहती नोकरी सोडतात आणि मग तपासणीला जातात. योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. प्रथम स्वतःची साधी तपासणी, मग अधिकृत तपासणी, मग रक्कम आणि सर्वांत शेवटी राजीनामा.

पाचवी चूक : मागे राहणाऱ्या घराची व्यवस्था न लावणे

परदेशी जाणाऱ्याच्या तयारीइतकीच घरी राहणाऱ्यांची तयारी महत्त्वाची. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी झालेल्या व्यक्तीला नेहमीचे बचत खाते तसेच चालविता येत नाही. ते अनिवासी सामान्य, म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी ‘एनआरई’ खाते उघडता येते. त्यातील रक्कम पुन्हा परदेशात नेता येते आणि अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर लागत नाही. हे बँकेला कळविण्याचे काम बहुतेक जण विसरतात.

आधार व बँकेशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडणे ही छोटी वाटणारी पण फार त्रासदायक चूक आहे. सांकेतिक अंक न मिळाल्याने स्वतःच्याच खात्याचे दार बंद होते. क्रमांक चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. घरातील व्यक्तीला मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते नेमक्या कामापुरते असावे. घर, शेती व ठेवी यांवर सर्वाधिकार देणाऱ्या एका कागदाने अनेक कुटुंबांत वाद माजतात. खात्यांवर, विम्यावर व भविष्यनिर्वाह निधीवर वारसाची नोंद तपासावी आणि घरी पत्नीच्या वा आईच्या नावाने स्वतंत्र खाते असावे.

प्राप्तिकराच्या दृष्टीने जाण्याची तारीख महत्त्वाची आहे. नोकरीसाठी देश सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस वा अधिक भारतात राहिला असेल, तर त्या वर्षापुरता तो सर्वसाधारणपणे निवासी ठरतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याला मार्चपर्यंतचा परदेशी पगारही भारतातील विवरणपत्रात दाखवावा लागतो.

सामानातील धोके

सामान बांधताना होणारी चूक पैशाची नसून थेट कायद्याची असू शकते. भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी कोडीन वा ट्रॅमॅडॉल असलेली वेदनाशामके व खोकल्याची औषधे आखाती देशांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. नियमित औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठीसह आणि तेथील नियम पाहूनच न्यावीत. खसखस हे याचे आणखी ठळक उदाहरण. तामिळ घरातील कुर्म्यात आणि मराठी घरातील अनारशांवर ती असतेच. परंतु संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे ती निषिद्ध आहे. दिवाळीच्या फराळाचा डबा प्रेमाने भरून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याचप्रमाणे दुसऱ्याने ‘तेथे अमुक व्यक्तीला द्या’ म्हणून दिलेले पुडके, ते नात्यातील माणसाने दिले असले तरी, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये.

संरक्षणाची उपलब्ध साधने

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ४० हून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले; त्यांत तामिळनाडूचे सात जण होते. अशा प्रसंगी मागे राहिलेल्या कुटुंबाला काय मिळते, हे बऱ्याच अंशी निघण्यापूर्वीच्या नोंदींवर ठरते. २००३ मध्ये सुरू झालेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत २०१७ च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्यासाठी दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये व तीन वर्षांचा ३७५ रुपये ठेवण्यात आला. दीड लाखाचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने या हप्त्याची पावती मागू नये, ही खेदाची बाब आहे. याशिवाय २०१८ पासून निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मार्गदर्शन वर्ग सुरू आहेत. परदेशातील तक्रारीसाठी २०१५ पासून ‘मदद’ हे संकेतस्थळ आहे. आणि संकटातील नागरिकांसाठी भारतीय वकिलातींकडे २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. पोहोचल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदविणे आणि तिचा पत्ता घरीही लिहून ठेवणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे.

एक व्यवहार्य वेळापत्रक

वरील विवेचनाचा सारांश वेळापत्रकाच्या रूपात असा मांडता येईल. निघण्याच्या सहा महिने आधी नावे व तारखा ताडून दुरुस्तीचे अर्ज करावेत. चार महिने आधी भरती संस्थेची पडताळणी, कर्जफेडीचा हिशेब आणि स्वतःची वैद्यकीय तपासणी पूर्ण व्हावी. तीन महिने आधी प्रमाणपत्रांचे साक्षांकन सुरू करावे. दोन महिने आधी करार वाचून, शंका लेखी विचारून, मगच सही करावी. शेवटच्या महिन्यात विमा, मंजुरी, बँक खाती, मुखत्यारपत्र आणि वारसनोंदी. शेवटच्या आठवड्यासाठी सामान आणि भेटीगाठी राखून ठेवाव्यात.

कुटुंबाने हे केले तरी शासनाचे काम संपत नाही. महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळ पाठविण्यासाठी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केला. अशा उपक्रमांत भाषेच्या शिकवणीइतकाच करार वाचण्याचा आणि कर्जाचा हिशेब मांडण्याचा पाठ असला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शेवटच्या सत्रात एक दिवस, गावातील ग्रामपंचायतीच्या फलकावर नोंदणीकृत भरती संस्थांची यादी आणि जिल्हा बँकांकडून परदेशगमनासाठी माफक व्याजाचे कर्ज, या तीन गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. ही माहिती दलालाच्या आधी गावात पोहोचली, तर तिचा उपयोग सर्वाधिक होईल.